नणंद-भावजयीची बेस

माझ्या नणंदेने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी "मी लग्न करतेय" असं जाहीर केलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अभिनंदन" नव्हता. मी म्हणाले, "मग बेस?"

नवऱ्याने इस्त्री हवेतच धरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, माझी बहीण लग्न करतेय. निदान मुलगा कोण ते तरी विचार."

"मुलगा कसला, पन्नाशीचा बाप्या असेल. कोण गं?"

"बागेत माळी आहे," नणंद म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. "जवळचं वाचताना अक्षरं पळतात म्हणून आला होता. चष्मा दिला, अक्षरं जागेवर आली, तरी हा येतच राहिला."

आता मी किती दुष्ट, असं कुणाला वाटेल. वाटू दे. पण घरात बेस गिटार एकच होती आणि वाजवणाऱ्या आम्ही दोघी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्या तलवारी इतकी वर्षं खडखडत का होईना राहिल्या होत्या, आणि आता त्यातली एक सासरी निघाली होती. म्यान कोण नेणार, हा प्रश्न मला पडणारच की!

बेस म्हणजे विजेवरची, चार जाड तारांची, खर्जातली गिटार. कार्यक्रम संपला की लोक गायकाला मिठ्या मारतात, ड्रमवाल्याची पाठ थोपटतात आणि मला विचारतात, "तुम्ही यांच्याबरोबर आलात का?" मी हो म्हणते. त्यांचे पाय इतका वेळ कुणामुळे हलत होते हे त्यांना सांगत बसत नाही. एकदा सांगितलं होतं, तर त्या गृहस्थांनी मला पाणी आणून दिलं.

ती गिटार मुळात नणंदेची. एका हॉटेलच्या बँडमधला म्हातारा बेसवाला गाव सोडून मुलाकडे निघाला, तेव्हा रोज पहिल्या टेबलाशी उभं राहून ऐकणाऱ्या या पोरीच्या हातात ती देऊन गेला. पोरगी डावरी, गिटार उजव्यांची. दुसरी कुणी असती तर तारा काढून उलट्या लावून घेतल्या असत्या. हिने सरळ गिटारच उलटी धरली. जाड तार पायाकडे, बारीक तार हनुवटीकडे, आणि तशीच शिकली. खालच्या बाजूला पट्टा अडकवायला एक जादा बटण तेवढं ठोकून घेतलं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नव्हती. आमचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान, वर राहायचं घर. शटर ओढलं की इस्त्रीच्या टेबलाच्या एका बाजूला ती बसायची, दुसऱ्या बाजूला मी, आणि ती मला शिकवायची. ती वाजवून दाखवायची, मग गिटार टेबलावरून माझ्याकडे सरकवायची. आता गंमत बघा. तिच्या वरच्या अंगाला बारीक तार, माझ्या वरच्या अंगाला जाड. मी तिचा हात बघून वरची म्हणजे वरची, खालची म्हणजे खालची, एवढंच धरून बसले. ती जिथे उतरायची तिथे मी चढायचे. पहिलं अख्खं गाणं मी उलटं शिकले, आणि तरी ते कानाला बरं लागत होतं.

"वहिनी, तू उलट्या काळजाची आहेस," ती पोट धरून हसत म्हणाली होती.

"आणि तू उलट्या हाताची. शिकवणारीच तशी, मग शिकणारीचं काय!"

पुढे दंतवैद्याच्या बँडने मला बोलावलं. दंतवैद्य म्हणजे खरोखरचे दात काढणारे, आमचे ड्रमवाले. दिवसभर लोकांना ओरडायला लावतात आणि शनिवारी नाचायला लावतात. त्या दिवशी नणंद म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली." पण पहिल्या कार्यक्रमाला बेस खांद्यावर घालून मला स्टेजपर्यंत सोडायला तीच आली होती, आणि पडद्यामागे उभी राहून माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाली होती. तेव्हापासून वाटणी ठरून गेली. सोमवार ते गुरुवार ती त्याच हॉटेलच्या बँडमध्ये वाजवणार, शुक्रवार ते रविवार मी समारंभांत.

उरलेल्या वेळी बेस दुकानामागच्या बोळात गिऱ्हाइकांच्या कोटांच्या रांगेत टांगलेली असायची, तशाच प्लॅस्टिकच्या पिशवीत. नवऱ्याने एकदा तिला चिठ्ठी लावली होती, "डाग जाणार नाहीत, गिऱ्हाइकाला कल्पना दिली आहे." डाग होतेच. माझा उजवा हात टेकून टेकून वरच्या कडेचा रंग उडाला होता, तिचा डावा हात टेकून खालच्या कडेचा. नवऱ्याला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण कुणी विचारलं, "गिटार कशी आहे?" की तो म्हणायचा, "बेस आहे!" आणि एकटाच हसायचा. वीस वर्षं हाच विनोद. मी त्याला टाकलं नाही, यातच काय ते समजा.

भांडणं तर रोजची. उलटी धरल्यामुळे आवाजाचं बटण तिच्या कोपराखाली यायचं आणि वाजवता वाजवता फिरायचं, म्हणून ती त्यावर चिकटपट्टी लावायची. शुक्रवारी मी ती नखाने खरवडत बसायचे. माझ्या हातांना घाम फार, तारा पुसायचा मला कंटाळा, म्हणून सोमवारी ती बोंबलायची. पण एवढं खरं, की इतक्या वर्षांत आम्हा दोघींपैकी एकीनेही दुसरी बेस बघायला म्हणून दुकानाची पायरी चढलेली नाही. गरजच वाटली नाही. काय सुरेल बोलायची ती! तार ओढली की आधी किंचित खरखर, मांजर जागं होताना करतं तशी, आणि मग तो सूर गोल होऊन जमिनीवरून चालत जायचा. दुसरे बेसवाले हातात घेऊन बघायचे आणि विचारायचे, "ही देता का?" त्यावर आम्ही दोघी एका दमात "नाही" म्हणायचो. बाकी कुठल्याच बाबतीत आमचं एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

एकच कटकट होती. तारा खाली बसायच्या. बेसच्या बुडाशी प्रत्येक तारेखाली बारीक स्क्रू असतात, ते फिरवले की तार वर उचलली जाते किंवा खाली बसते. मी तारा जोरात ओढते, मला त्या उंच लागतात. खाली असल्या तर गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटून कडकडतात. आणि दर शुक्रवारी बघावं तर तारा खाली बसलेल्या! माझं ठाम मत होतं की हे इस्त्रीच्या वाफेचं काम. बोळात सतत वाफ, धातू तो, सैल पडणारच. कार्यक्रमाला निघायची घाई असायची, म्हणून मी ती बारकी वाकडी चावी घेऊन पटापट थोड्या वर घ्यायचे. मनासारखं कधीच व्हायचं नाही, पण वेळ मारून नेली जायची.

तर असं सगळं असताना हे लग्न निघालं.

लग्न होईपर्यंतचे दिवस आमच्या घरात शीतयुद्धाचे होते. बेसचं नाव कुणी काढेना. नणंद सामान बांधत होती आणि मी तिच्या मागे मागे पिशव्या द्यायच्या निमित्ताने काय काय बांधतेय ते बघत होते. ती मला बघताना बघत होती. एकदा ती बोळात गेली तेव्हा मी जिन्यावरून अशी धावत उतरले की नवरा म्हणाला, "आग लागली काय?" ती आपला रेनकोट घ्यायला गेली होती.

"नाणं उडवा," नवऱ्याने सुचवलं.

"तुम्ही गप्प बसा," आम्ही दोघी म्हणालो.

खरं सांगायचं तर हक्क तिचाच होता. मला ते कळत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता. नणंद सासरी जाते म्हटल्यावर जगातल्या भावजया मनातल्या मनात हुश्श करतात. मी एकटीच असेन जी न्हाणीघरात नळ सोडून रडले, आणि तेही नणंदेसाठी नाही, गिटारीसाठी. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं.

लग्न कचेरीत सही करून झालं. माळीबुवांनी नवा चष्मा लावून सही केली, अक्षरं पळाली नाहीत. बाहेर आल्यावर नणंदेने मला बाजूला ओढलं.

"वहिनी, बेस तुला ठेव."

"काय?"

"यांनी मला नवी घेतलीय. डावऱ्यांसाठी बनवलेली. जन्मात पहिल्यांदा सरळ वाजवीन."

मी नको नको म्हणायला हवं होतं. जनरीत म्हणून तरी. मी म्हणाले, "नक्की ना?" आणि तिने हो म्हणायच्या आत तिला मिठी मारली.

घरी आल्या आल्या मी आधी काय केलं असेल? चावी घेतली. वीस वर्षांत पहिल्यांदा घाई नव्हती, वाटेकरीण नव्हती, चिकटपट्टी नव्हती. दिवाणखान्यात मधोमध बसून चारही तारा मला हव्या तशा उंच केल्या, अगदी मनासारख्या. नव्या तारासुद्धा चढवल्या. तिचं जादा बटण काढलं आणि भोक बुजवलं. पुढच्या शुक्रवारी पाहिलं तर तारा जागच्या जागी. केसभरही खाली बसलेल्या नव्हत्या. म्हटलं चला, वाफसुद्धा वठणीवर आली!

आणि शनिवारी वाजवायला घेतली तर बेस मुकी.

म्हणजे आवाज येत होता. पण कसा, तर कुणी दाराआड गादी झोडपावी तसा. ती खरखर नाही, ती गोलाई नाही, सूर निघायचा आणि पायाशीच बसायचा. वर तारा एवढ्या उंच की दाबून दाबून डावा हात भरून आला. नाचणारे नाचत होते, पण मधूनमधून खुर्चीवर जाऊन बसत होते. आमच्या कार्यक्रमात लोक कधी बसत नसत.

मधल्या सुटीत दंतवैद्य जवळ आले. "वहिनी, आज काही दुखतंय का?"

"नाही."

"मग ही दुसरी गिटार आणलीत का?"

"तीच आहे!" मी अशी खेकसले की ते दोन पावलं मागे सरले. बिचारे. तोंड उघडायला लावणं त्यांचा धंदा, पण माझं उघडून त्यांनी चूक केली.

मग सुरू झालं माझं स्क्रू फिरवणं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थोड्या खाली केल्या, तर कडकड. पुन्हा वर, तर गादी. एक तार जमावी तर दुसरी रुसावी. जुन्या तारा कचऱ्यातून शोधून परत चढवल्या. पूर्वी त्या नेमक्या किती उंच होत्या हे मला आठवेना, आणि आठवणार कुठून? मी कधी मोजलंच नव्हतं. शेवटी वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने पट्टी लावून कंपनीच्या मापाने चारही तारा एका रेषेत आणून दिल्या. काम चोख होतं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. घरी येऊन वाजवली, तर एखाद्या अनोळखी बाईने फोन उचलावा तसं वाटलं.

त्या रात्री जेवताना मी घास चिवडत बसले होते. नवरा म्हणाला, "नवी घे एखादी."

"मला नवी नको. मला ही हवी. ही अशी नको, ही तशी हवी." आणि मला एकदम रडू फुटलं. "अहो, मला दुसरं काही येत नाही हो. या बेसवर शिकले, हिच्यावरच वाजवते. हिचा आवाज परत आला नाही तर मी वाजवणं बंद करणार. दंतवैद्यांना सांगून टाकते, दुसरा माणूस बघा."

हे मी रागाने बोलले नव्हते. रागाने बोलले असते तर नवऱ्याने मनावर घेतलं नसतं. त्याने ताट बाजूला सारलं.

"माझ्या बहिणीला विचारलंस?"

"तिला काय विचारू? तिने दिली, मी घेतली, आणि आता जाऊन सांगू की मी वाट लावली? नाक कापून घेऊ स्वतःचं?"

"आधीच कापलं गेलंय," तो शांतपणे म्हणाला. "फक्त तिला कळलेलं नाही."

रविवारी सकाळी मी बेस खांद्याला लावून बसने निघाले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बागेच्या मागच्या फाटकाशी माळीबुवांचं घर. दोन खोल्या, खिडकीत रोपांचे डबे, दाराशी चिखलाचे बूट. नणंदेने दार उघडलं आणि माझ्याआधी खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. तेही असं, की जणू कुणी तान्हं पोर घेऊन आलंय. नवी बेस कोपऱ्यात उभी होती, लाल चकचकीत, आणि तिच्या डोक्यावर टॉवेल वाळत घातला होता.

"ही काय दशा?" मी विचारलं.

"नव्याचे नऊ दिवस," ती म्हणाली. मग दार लोटून हळू आवाजात, "यांना सांगू नकोस हं. एवढ्या हौसेने आणलीय. सगळं जागच्या जागी आहे गं, बटण कोपराला लागत नाही, तारा लोण्यासारख्या. मला हव्या तशा अगदी खाली बसवून घेतल्या. पण बोलतच नाही. गुळगुळीत नुसती. हॉटेलवाले म्हणतात, बाई, आज आहात की रजेवर?"

मला काय बरं वाटलं म्हणता! दुसऱ्याच्या दुःखाने इतकं बरं वाटू नये, पण वाटलं. मग मीही सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिने बेस पिशवीतून काढली, भोक बुजवलेलं पाहून माझ्याकडे एक नजर टाकली, नव्या बेसच्या स्पीकरची वायर हिला जोडली आणि पलंगावर बसून तार छेडली. तिचं तोंड कडू झालं.

"शी! हे काय! अगं, किती उंच आहेत या! हां, बरोबर. मी नसते ना आता खाली करायला."

"म्हणजे?"

"तुमच्या त्या वाफेने दर आठवड्याला स्क्रू वर सरकायचे की नाही? सोमवारी बघावं तर तारा वर. मी आपली निघायच्या घाईत थोड्या खाली घ्यायचे."

मी पलंगावर बसले. बसले म्हणजे पडलेच.

"वाफेने वर सरकायचे?"

"मग! धातू फुगतो वाफेने."

"अगं डावरे, फुगत नव्हता! मी करायचे त्या वर! दर शुक्रवारी! मला वाटायचं वाफेने खाली बसतात!"

"तू करायचीस?"

"मग काय भूत करायचं?"

"वीस वर्षं?"

"वीस वर्षं!"

 मग ती अशी हसत सुटली की माळीबुवा बाहेरून "काय झालं?" म्हणत खिडकीत आले, हातात कुदळ. मलाही हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. वीस वर्षं त्या बिचाऱ्या वाफेला आम्ही शिव्या घातल्या. ती वर करत नव्हती, खाली करत नव्हती. ती आपली लोकांच्या पँटी सरळ करत होती.

हसू ओसरल्यावर मला समजलं, की त्या आवाजाचं माप पट्टीवर का सापडेना. ते माप मी ठरवलेलं नव्हतं, तिनेही ठरवलेलं नव्हतं. मी जाड तारा जास्त वापरते, त्या जास्त उचलायचे. ती बारीक तारांवर खेळते, त्या जास्त खाली दाबायची. तिचं अर्धं झालेलं काम मी अर्धं मोडायचे आणि माझं अर्धं ती. दोघींचंही कधी पूर्ण मनासारखं होऊ शकलं नाही, आणि म्हणून बेस तशी बोलायची.

"चावी आहे?" मी विचारलं.

"ड्रॉवरमध्ये."

मग आम्ही बसलो. पलंगाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. तिने उलटी धरून वाजवली, नाक मुरडलं, खाली घेतल्या. माझ्याकडे सरकवली. मी सुलटी धरून ओढली, कडकड झाली, वर घेतल्या.

"एवढ्या वर? बैल बांधायचाय का तारेला?"

"तुझ्या बोटांना तर वारासुद्धा टोचतो. दे इकडे."

"हात धू आधी. शेवाळ धरेल गिटारीला तुझ्या घामाने."

"अहो वन्सं, लग्न झालं म्हणून फार बोलायला लागलात!"

माळीबुवा दारात येऊन उभे राहिले. आम्ही खरंच भांडतोय असं वाटून त्यांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, "मी काय म्हणतो, अर्धं अर्धं..." आणि दोघींनी एकदम "तुम्ही गप्प बसा" म्हटल्यावर ते परत रोपांकडे गेले. लग्न झाल्यावर माणूस फार लवकर शिकतो.

किती वेळ गेला कोण जाणे. ती खाली, मी वर, ती चिमूटभर खाली, मी अर्धी चिमूट वर. घासाघीस भाजीबाजारात करतात तशी, पण दोघीही गिऱ्हाइकं आणि दोघीही भाजीवाल्या. तोंडाचा पट्टा चालूच. मग एकदा तिने माझ्याकडे सरकवली, मी जाड तार ओढली, आणि आधी किंचित खरखर झाली. आणि मग तो सूर गोल होऊन खोलीतून चालत गेला, खिडकीतले डबे हलके थरथरले.

 मी तोच सूर पुन्हा वाजवला. पुन्हा तसाच आला. मी चावी लांब फेकली, हो, कुणाचा हात जायला नको.

"आली गं," नणंद म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझेही.

"मला काही करमत नाही तिकडे," मी म्हणाले. बोलायचं नव्हतं, पण आलं तोंडातून. "तू नसलीस की घर कसं गुळगुळीत झालंय. कुणी उलटं बोलतच नाही. मी बेससाठी रडले असं मला वाटत होतं, पण ते सगळं बेससाठी नव्हतं, कळलं?"

"आणि मी दिली ती काय उदार म्हणून दिली?" ती नाक ओढत म्हणाली. "मला वाटलं, बेस तुझ्याकडे राहिली की ती बघायच्या निमित्ताने तरी मला येता येईल. आणि तू मेली भोक बुजवून बसलीस!"

 मी तिचा हात धरला. ती धरू देत नव्हती, मग दिला.

थोड्या वेळाने मी विचारलं, "मग सोमवार ते गुरुवार तुझी?"

"अर्थात! माझीच आहे ती मुळात."

"अगं, तू तर म्हणालीस, तुला ठेव म्हणून!"

"तेव्हा मी नवरी होते. नवरी काहीही बोलते."

"आज तर रविवार आहे. संध्याकाळी माझा कार्यक्रम."

"ने आज. उद्या आणून दे. आणि तारा पुसून आण!"

संध्याकाळी मी त्या बेसवर वाजवलं. एकही माणूस खुर्चीत बसला नाही. दंतवैद्य ड्रमवरून मान वळवून माझ्याकडे बघत होते आणि हसत होते, सगळे दात दिसत होते. कार्यक्रम संपल्यावर एका बाईने मला विचारलं, "तुम्ही यांच्याबरोबर आलात का?" मी म्हणाले, "हो, आणि आज फार मजा आली."

सोमवारी दुकान नवऱ्यावर टाकून मी पुन्हा बस पकडली. तारा पुसल्या होत्या, जादा बटणही परत ठोकून घेतलं होतं. माळीबुवांनीच दार उघडलं. मी खांद्यावर बेस घेऊन, धापा टाकत, घामाघूम, दारात उभी. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं, तोंडभर हसले आणि आत वळून मोठ्याने हाक मारली,

"अगं, ये बाहेर! तुझं माहेर आलंय!"

आतून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, आणि ती ओल्या हातांनीच धावत आली. ते माहेर मला म्हणाले की गिटारीला, हे मी विचारलं नाही. मी आत गेले, ऐसपैस बसले आणि चहा टाकायला सांगितला.